तीन नेकची काळी गिटार

बोईसरला वाद्यं दुरुस्त करायचं दुकान टाकलं की दोन गोष्टी साचतात, धूळ आणि किस्से. धुळीला निदान फडकं तरी मारता येतं. किश्शांचं काय करणार? दर रविवारी आमचं टोळकं जमतं आणि एकाची भर घालून जातं!

टोळकं म्हणजे तिघं. मी दुकानवाला. सावे सर, शाळेतून रिटायर, इंटरनेटवर जुन्या गिटारींबद्दल वाचून वाचून तज्ज्ञ झालेले. आणि कदम, मूळचे साताऱ्याचे. एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्शनमध्ये उभा जन्म गेला, अजूनही शर्टाच्या खिशात मापं घ्यायचा व्हर्नियर घेऊन फिरतात.

एकदा एडवणचा भास्कर आला. त्याचे वडील लग्नाच्या ऑर्केस्ट्रात स्टील गिटार वाजवायचे. आडवी ठेवून, तारांवर स्टीलची कांडी सरकवत वाजवतात ती. आपण हवाईयन म्हणतो. त्यांची होती तीन नेकची. म्हणजे एकाच धडावर तारांच्या तीन रांगा, छोटं टेबलच म्हणा ना! घरच्या अडचणीत ती विकली. मग वडीलही गेले.

"आईची नजर चाललीय," भास्कर म्हणाला. "तिला ती एकदा बगायची हाय. तुमी शोधून द्या."

"कंपनी कुठली?" सावे सरांनी विचारलं.

"काळी!"

एवढ्या माहितीवर आम्ही कामाला लागलो.

*

पहिली खबर कोळगावची. एका साहेबांच्या फ्लॅटमध्ये जुनी स्टील गिटार होती, चार पायांवर उभी, वर मनी प्लांट. सावे सर गुडघ्यावर बसले, मोबाइलचा टॉर्च मारला, पायांवर टकटक केलं आणि गहिवरून म्हणाले, "ओरिजिनल पाय! असे पाय आता जगात मिळत नाहीत."

"मिळतात की," साहेबांची बायको म्हणाली. "टीव्हीचं स्टँड मोडलं, तेव्हा त्याचेच काढून बसवलेत मी."

या गडबडीत नेक मोजायचे राहिले होते. मोजले तर दोनच!

*

पालघरला एक म्हातारे वादक भेटले. त्यांच्याकडे खरंच तीन नेकची होती, पण लाल. रंग मागाहून दिला असेल, म्हणून कदमांनी व्हर्नियर काढला. तिन्ही नेकची मापं घेतली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एकाचं माप दुसऱ्याशी जुळत नाही. रिजेक्ट!"

"अहो, पण तिन्ही सुरात वाजतात," म्हातारे काकुळतीला आले.

"वाजणं हा पॅरामीटर नाही!"

बिचाऱ्यांनी आम्हाला घरचे लाडू खिलवले होते. कदमांनी निघताना त्यांच्या गिटारीवर रिजेक्टचा लाल स्टिकर चिकटवला.

*

मग सर म्हणाले, भंगारात बघू. एमआयडीसीतल्या भंगारवाल्याने एक काळं धूड बाहेर ओढलं. सरांनी स्क्रू बघितले, वायर हुंगली आणि मान हलवली. "नवीन आहे. विंटेज नाही."

भंगारवाला अजिबात हिरमुसला नाही. "विंटेज चाहिए क्या साहब? पहले बोलना था! बाहर रख देता हूँ. तारापूर की केमिकल वाली हवा है, एक बारिश खाने दो, अपने आप विंटेज हो जाएगा!"

सरांनी इतकं शास्त्रशुद्ध मत इंटरनेटवरही वाचलं नव्हतं.

*

आणि एक दिवस ती सापडली! पालघरच्या एका मंडपवाल्याच्या गोदामात, सतरंज्यांखाली. तीन नेक, काळी. तिच्या पेटीवर पिवळ्या रंगात भास्करच्या वडिलांच्या ऑर्केस्ट्राचं नाव. मंडपवाला म्हणाला, "एडवणच्या वादकाकडूनच घेतलेली." सोबत आलेला भास्कर ढसाढसा रडला. खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरून आले.

पण ही अशी कळकट गिटार माउलीला दाखवायची? आमच्या कदमांना कसं पटेल! त्यांचा भाचा प्लेटिंगच्या कारखान्यात. "आठवडा द्या," म्हणाले. खुंट्यांना नवं क्रोम केलं. धडाचा रंग खरवडला. घामाचे डाग, ओरखडे, कडेचा एक काळा खड्डा, सगळं लांबी भरून, घासून गुळगुळीत केलं. वर काळा पीयू पेंट, आरशासारखा! पेटी कुजकी दिसत होती, ती टाकून नवी रेक्झिनची केली. सावे सरांनी पास केली, मी पास केली. स्टिकर पहिल्यांदाच हिरवा लागला.

वाजतगाजत एडवणला नेली. आईसमोर ठेवली. तिने डोळे अगदी जवळ नेले, मग कडेवरून अंगठा फिरवला. परत फिरवला. पार दुसऱ्या टोकापर्यंत नेला.

"चांगली हाय," ती म्हणाली. "पण ही त्यांची नाय."

"आई, तीच हाय गं!" भास्कर कळवळला.

"मला शिकवतोस? ते वाजवायला बसले की जळती विडी हितं कडेला ठेवायचे. चटक्याचा खड्डा पडला होता, माझा अंगठा बसायचा त्यात. ही नाय ती." आणि तिने पदराने गिटार पुसून आमच्याकडे सरकवली. "ज्याची असेल त्याला देऊन टाका. तो पण शोधत असेल."

भास्कर आमच्याकडे बघत होता. सर छताकडे बघायला लागले. मला पाणी प्यायचं होतं, पण मागायचा धीर होईना.

कदम उठले. या माणसाने जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही. ते चपला न घालताच शेजारच्या ओट्यावर गेले आणि तिथे बसलेल्या आजोबांना म्हणाले, "विडी असेल का एखादी?"

"हाय की. कुठली पायजे?"

"कुठलीही चालेल. पण पेटवून द्या!"