मंडळी येणार

देवाने माझ्या नवऱ्याला मरणाच्या दारातून परत आणलं आणि मी फ्रिजसाठी रुसून बसले, ही माझी साक्ष. सांगायला लाज वाटते, पण सांगते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तीन महिन्यांत हे काठीवर चालू लागले, जीभ मात्र जड राहिली. रोज बोलतं ठेवा, नाहीतर वाचा अशीच अडकेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुरुवातीला हे प्रयत्नही करायचे. पण माझं तोंड दिवसभर सुरूच. फ्रिज बंद पडलाय, दूध नासतंय, खुर्च्या मोडल्यात, देवाला आमचंच घर कसं दिसत नाही! मी बोलत होते देवाला आणि लागत होतं ह्यांना. आपल्या आजारपणामुळेच घराची ही दशा झाली, असं त्यांनी मनाला लावून घेतलं आणि बोलणंच सोडलं. पंधरा दिवस नुसती मान हलवत होते. मी मनातून पार घाबरले होते, तरी कुरकुर काही थांबत नव्हती.

अशात शनिवारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. ते मूळचे गडमुडशिंगीचे, बोलणं तिकडचंच. "उद्या उपासना झाली की मंडळी येणार हाय तुमच्याकडं प्रार्थनेला. च्या ठेवा," म्हणाले. आता आमच्या कोल्हापुरात गडीमाणूस बायकोला मंडळीच म्हणतो. मला वाटलं, पाळकीणबाई येणार. बरं झालं, बाईमाणसाजवळ मन मोकळं करता येईल. मी ह्यांना निरोप जसाच्या तसा सांगितला, अर्धा लिटर दूध आणलं, त्यातल्या त्यात बरे दोन कप घासून ठेवले, आणि प्रार्थनेच्या विनंत्यांत पहिला फ्रिज सांगायचा हेही ठरवून टाकलं.

रविवारी दार उघडलं तर चर्चची अख्खी मंडळी जिन्यात उभी! म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत झाडून सगळी. मी खुळ्यासारखी विचारते, "आणि बाई कुठायत?" पाळकसाहेबांना काही उमगेना. तेवढ्यात मागून कॉटवरून ह्यांचा आवाज आला. एकेक शब्द ओढत, पण स्वच्छ.

"आमच्या मंडळीला... मंडळी... कळली न्हाय."

जिना हसला, घर हसलं, हे तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मी हसता हसता रडायलाच लागले. गलका ऐकून शेजारची बाई डोकावली. नुकतीच राहायला आलेली, तिचं नावही मला ठाऊक नव्हतं. "एवढं पावणं आल्यात, दूध पुरंल व्हय?" म्हणत तिने गावाकडून आलेली घरच्या म्हशीच्या दुधाची किटली माझ्या हातात दिली. लोक सतरंजीवर दाटीवाटीने बसले आणि वाट्यांतून, पेल्यांतून चहा प्याले.

मग पाळकसाहेबांनी विचारलं, काय विनंती मांडू? मी तोंड उघडलं. ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे बाजूला बसलेल्या म्हाताऱ्याला तुटक तुटक काहीतरी सांगत होते. मला एकही मागणं आठवेना. म्हटलं, आज नुसते उपकार माना. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे शब्द मी लहानपणापासून म्हणत आलेय. त्या दिवशी ते मी पहिल्यांदा मनापासून म्हटले.