गरम झाल्यावर कडक होणारे पेडल

ज्याने आयुष्यभर पॉलिटेक्निकच्या फळ्यावर इंजिनाच्या आकृत्या काढल्या आणि पन्नाशीनंतर प्रत्यक्ष इंजिनात हात घातला, त्याने आता लेखणीही उचलावी, हे जरा अतीच होते. वाचकांनी क्षमा करावी. गॅरेजमध्ये घडलेली एक गोष्ट मात्र माझ्याने मनात ठेववत नाही.

मुलुंडच्या आमच्या गॅरेजमध्ये महेश सावंत आपली डिझेल एसयूव्ही घेऊन आला, तेव्हा तो घाबरलेला होता.

"सर, काल भांडुपच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक दगड झाला! दोन्ही पाय लावले तेव्हा कुठे गाडी थांबली. आणि आज बघा, एकदम मक्खन."

वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचे होते, म्हणून तेही सोबत होते. कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले सावंतकाका मागच्या सीटवरून उतरले आणि दाराजवळच्या खुर्चीवर निमूटपणे बसले.

पेडल दाबताना आपल्या पायाला मदत करणारा एक गोल डबा बोनेटखाली असतो. त्याला बूस्टर म्हणतात. डिझेल गाडीत एक पंप या डब्यातली हवा खेचून घेतो. त्या पोकळीच्या, म्हणजे व्हॅक्यूमच्या, जोरावर पायाचा दाब कितीतरी पटींनी वाढतो. व्हॅक्यूम नसेल तरी ब्रेक लागतो, पण सारी ताकद पायालाच लावावी लागते. एवढे मी महेशला समजावत होतो, तोच आमचे मेकॅनिक गायकवाड म्हणाले, "सर, लेक्चर संपलं असेल तर बोनेट उघडू का?"

इंजिन बंद ठेवून मी पेडल काही वेळा दाबले. साठलेला व्हॅक्यूम संपला, पेडल कडक झाले. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केले. पेडल अलगद खाली गेले. म्हणजे बूस्टर ठीक होता.

"बघा, काही नाही," महेश म्हणाला. "काल माझंच काहीतरी चुकलं असेल."

"काल गाडी तापलेली होती, आज थंड आहे. याआधी कधी असं झालं होतं?"

"कधीच नाही. एरवी मी रविवारी सकाळी मार्केटपर्यंत नेतो, तेवढीच."

"एकदा झालं होतं," खुर्चीवरून आवाज आला.

महेशने मागे वळून पाहिले नाही. "बाबा, तो विषय नको ना आता."

इंजिन आणि एसी चालू ठेवून आम्ही गाडी तापवत ठेवली. त्या वेळात तो विषय मला तुकड्या-तुकड्यांनी कळला. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी काका पत्नीला घेऊन दादरहून परतत होते. सोसायटीच्या उतारावर गाडी थांबली नाही, पार्किंगच्या खांबावर आदळली. काकूंचे मनगट मोडले. "मी ब्रेक दाबला होता," असे काका सांगत राहिले. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बंपर बदलला. ब्रेकही तपासला, पण सकाळी, थंड गाडीत. तो ठीक निघाला. मग महेशने किल्ली काढून घेतली. "बाबा, तुमच्या पायात आता जोर नाही राहिला." काकूंनाही तसेच वाटले. पुढच्या वर्षी त्या हृदयविकाराने गेल्या.

गाडी पुरेशी तापल्यावर मी तीच चाचणी पुन्हा केली. या वेळी पेडल खाली गेले नाही. गायकवाडांनी बोनेटखाली कान लावला. "सर, आत साप बसलाय. ऐका."

पंपापासून बूस्टरकडे जाणारी रबरी नळी फुसफुसत होती. क्लिपच्या आड, खालच्या बाजूला, तिला एक चीर होती. थंड असताना मिटलेली, रबर तापून मऊ झाले की उघडणारी. नवी नळी बसवली आणि गरम गाडीतच पेडल पुन्हा तपासले. ते हवे तसे खाली गेले.

महेशने जुनी नळी हातात घेऊन वाकवली. चीर उघडली. "सर, तेव्हाही हेच झालं असेल?"

"शपथेवर सांगता येणार नाही. पण लक्षणं तीच आहेत."

तो वडिलांसमोर जाऊन उभा राहिला. "बाबा, चूक तुमची नव्हती."

"मग मी काय सांगत होतो रे?" काकांच्या आवाजात राग नव्हता.

महेशने किल्ली पुढे केली. "इथून तुम्हीच चालवा."

काका ड्रायव्हरच्या सीटवर बसले. पेडल एकदा दाबले, पुन्हा दाबले. "झकास झालाय," म्हणाले. मग खाली उतरले आणि किल्ली महेशच्या हातावर ठेवली.

"नको. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. चप्पल घालताना रोज पायाकडे बघायचो." मग म्हणाले, "तुझ्या आईला कळायला हवं होतं, एवढंच."

मागचे दार उघडून ते आपल्या नेहमीच्या जागी बसले. एरवी प्रत्येक गिऱ्हाइकाला काही ना काही चिमटा काढणारे गायकवाड फडक्याला हात पुसत राहिले.

काम तसे किरकोळ होते. गरम गाडीतली तक्रार गरम गाडीतच तपासावी, हे मी वर्गात कितीतरी वर्षे शिकवले आहे. वाचकांना मात्र एक वेगळेच विचारायचे आहे. तुमच्या घरी कोणाच्या हातून गाडीची किल्ली काढून घेतली असेल, तर त्याआधी गाडी नीट तपासली होती का?