माडीवरचं पाणी

परवा शेजाऱ्यांकडे दारांना जवसाचं तेल लावत होते. तो वास आला आणि धुळ्याच्या आमच्या जुन्या घराची माडी आठवली. तिथली जमीन सागाच्या फळ्यांची होती. माझं नवीन लग्न झालेलं, त्या उन्हाळ्यात वडिलांनी ती काचपेपरनं घासून घेतली, वर तेलाचे हात दिले आणि तेल मुरेपर्यंत कोणाला पाय ठेवू दिला नाही. नंतर एका दुपारी मी माडीवरच्या कूलरमध्ये पाण्याचा पाइप सोडला आणि माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा कूलर भरून वाहत होता, पाणी फळ्यांच्या सांध्यांत शिरत होतं. मी नळ बंद करायला खाली धावलो. वर येतो तो बायको गुडघ्यांवर बसून फडक्यानं पाणी टिपत होती आणि आई दारात उभी. "हाई काय सारवेल भुई शे का? पानी वतीसन बठ्ठं लाकूड नासाडी टाकं," आई तिला अहिराणीत म्हणाली. सारवलेली जमीन समजून हिनंच पाणी ओतलं आणि सगळं लाकूड नासवलं, असं तिला वाटलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. वडील जिना चढून येत होते. मी म्हणालो, "लाकडावर पाणी ओतायचं नसतं, एवढंही कळत नाही का तुला?" ती पुसत राहिली. फळ्या फुगल्या, काळा डाग पडला, पुन्हा घासूनही तो गेला नाही. साक्रीकडची सून माडी धुवायला निघाली, हा घरातला विनोद झाला आणि नातवंडांपर्यंत पोचला. मीही त्यात हसत आलो. काल मी सगळ्यांसमोर सांगितलं, पाणी माझ्यामुळे सांडलं होतं. बायको भाजी निवडत होती. "तेव्हा बोलला असतात," ती म्हणाली, "तर ते घर मला माझं वाटलं असतं."