आचाऱ्याहून कडक चिरूट

मद्रासला नुंगंबाक्कमात आमचं चिरुटांचं दुकान होतं. जन्मभर चिरूट विकले, पण एका म्हाताऱ्या बाईंच्या ऐटीत ओढणारा एकही पुरुष मला दिसला नाही. त्यांचं नाव मी विचारलं नाही. एका सकाळी त्या आल्या आणि म्हणाल्या, "चिरूट दाखव. आज आचाऱ्याला काढून टाकलं."

त्यांची खाणावळ होती. मीठ कमी घाल म्हटलं की आचारी झारा आपटून बाहेर माझ्याच दुकानातला चिरूट ओढत बसे. गिऱ्हाइकं उपाशी राहतील म्हणून बाई गप्प बसत.

त्यांनी एकेक चिरूट हुंगला, पान सुकं आहे का ते ऐकायला कानाशी धरून बोटांत फिरवला.

"हलका देऊ का, अम्मा?"

"तो ओढायचा त्याहून कडक दे."

चिरूट तोंडात धरून त्या बाकावर बसल्या. तेवढ्यात आचारीच ट्रंक घेऊन समोरून निघाला.

"अरे, काडी आहे का?" बाईंनी हाक मारली.

त्यानं ट्रंक खाली ठेवली आणि काडी ओढून बाईंचा चिरूट पेटवून दिला. बाईंना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी चिरूट सोडला नाही.

तो गेल्यावर मी विचारलं, "दुपारचा स्वयंपाक कोण करणार?"

"मी," त्यांनी धूर सोडला. "आणि मीठ माझ्या हातानं."