दगडावरचं दहावं नाव

बंदरातल्या जवळजवळ प्रत्येक होडीवरचं नाव ज्याच्या हातचं, त्या पेंटरला सगळे ‘अक्षरे’ म्हणत. खरं आडनाव फक्त पोस्टमनला ठाऊक. दीपगृहाचे तांबडे-पांढरे पट्टे, जकातघराची पाटी, धक्क्याच्या भिंतीवरचे पाण्याच्या खोलीचे आकडे, सगळं त्याचंच काम. आणि वर्षातून एकदा धक्क्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या काळ्या दगडावरची अकरा नावं तो पांढऱ्या रंगाने पुन्हा भरायचा.

शहात्तर वर्षांपूर्वी बंदराच्या तोंडाशी एक मालवाहू गलबत खडकावर आपटून फुटलं. वरची अकराही माणसं गेली. मालक कंपनीने आपल्या कागदांवरून यादी केली आणि दगड उभा केला. त्यातलं दहावं नाव गलबतावरच्या आचाऱ्याचं, म्हणजे अक्षरेच्या आजोबांचं. आजोबा मात्र त्या दिवशी तापाने फणफणून घरी पडले होते. त्यांच्या जागी ऐनवेळी चढला होता शेजारचा लाकूडफाटा विकणारा माणूस.

चूक गावाला पहिल्या दिवसापासून माहीत होती. कंपनीला दोन पत्रं गेली, उत्तर आलं नाही, मग कंपनीच गुंडाळली गेली. आजोबा पुढे तीस वर्षं जगले. बाजारात जाताना ते दगडाला लांबून वळसा घालत आणि लोक म्हणत, निघाले बुडालेले भाजी आणायला. तेही हसण्यावारी नेत. पण पुन्हा कधी बोटीवर चढले नाहीत.

लाकूडवाल्याची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. पुढे मासेमारीची जाळी दुरुस्त करून तिने संसार ओढला आणि सगळ्या गावाची ‘जाळीवाली मावशी’ झाली. दगडाबद्दल मावशींनी कधी चकार शब्द काढला नाही. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर एका सकाळी त्या फिरत फिरत धक्क्यावर आल्या, तेव्हा अक्षरे दहाव्या नावावरच होता. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

“आजोबांचं नाव छान काढतोस रे,” म्हणाल्या आणि निघून गेल्या.

टोमणा असता तर त्याने कानाआड केला असता. पण मावशी मनापासून बोलल्या होत्या. त्या दिवशी अकरावं नाव तसंच राहिलं.

दहावं नाव बदलायची परवानगी मागायला तो बंदर कचेरीत गेला. अधिकारी म्हणाले, दगड कंपनीचा, परवानगी कंपनीनेच द्यायला हवी. अक्षरेने शांतपणे विचारलं, कंपनीच उरली नाही तर नको म्हणायला तरी कोण उरलंय? अधिकारी हसले आणि कागदावर सही केली.

घरचं प्रकरण अवघड होतं. लाँच चालवून निवृत्त झालेले वडील बिथरले. बापाचं नाव खोडलं तर लोक म्हणतील, इतकी वर्षं दुसऱ्याचं मरण मिरवलं.

“मिरवलं नाही, बाबा,” अक्षरे म्हणाला. “पण ठेवून घेतलं.”

वडील दोन दिवस ओसरीवर वेगळे जेवले.

तिसऱ्या दिवशी तो मावशींकडे गेला. दहावं नाव सिमेंटने बुजवून तिथे तुमच्या वडिलांचं कोरून घेतो म्हणाला. मावशींच्या मांडीवर फाटकं जाळं होतं. हातातली सुई थांबली नाही.

“ते पुसू नकोस. पुसलंस तर माझे बाबा कुणाच्या जागी गेले ते कसं कळणार?”

मग उठून त्यांनी पेटीच्या तळातून स्वतःचा शाळेचा दाखला काढला. वडिलांचं पूर्ण नाव लिहिलेला तेवढाच कागद घरात होता.

पाथरवटाने दहाव्या नावाच्या खाली ‘यांच्या जागी गेले’ असं कोरलं आणि त्यापुढे लाकूडवाल्याचं नाव. अक्षरेचे वडील काठी टेकत आले, कट्ट्यावर बसले आणि दुपारपर्यंत हलले नाहीत. फक्त एकदा पाथरवटाला म्हणाले, अक्षर जरा मोठं घे, माझ्या बापाच्या अक्षराएवढं.

रंग भरून झाल्यावर मावशींना बोलावलं. त्यांनी एकेक अक्षर लावत नाव वाचलं.

“वेलांटी चुकली,” त्या म्हणाल्या.

अक्षरेचा चेहरा पडला. त्याने दाखला उघडून पाहिला. तिथेही तीच चूक होती.

“म्हणजे गुरुजींची,” मावशी म्हणाल्या आणि अक्षरेच्या वडिलांशेजारी कट्ट्यावर बसल्या. “राहू दे. बाबाच आहेत.”