एक वीत चार बोटांचं ग्राफिक्स कार्ड

माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात नुसते स्क्रू आहेत. कोणाचंही कॉम्प्युटर जोडून झालं की दोन-तीन स्क्रू उरतातच! मशीन मस्त चालू आणि हातात स्क्रू. कुठले, देव जाणे! फेकवत नाहीत म्हणून डब्यात टाकतो. किस्सेही असेच उरतात. मी नागपुरात एका पॉलिटेक्निकची लॅब सांभाळतो, त्यामुळे ओळखीतल्या प्रत्येकाला वाटतं, पार्ट निवडायचे म्हणजे सरांनाच विचारायचं. डबा केव्हाच गच्च भरलाय. पण एका मशीनचे स्क्रू मी वेगळ्या पुडीत ठेवलेत. ते प्राचीच्या मशीनचे.

प्राची माझी जुनी विद्यार्थिनी. पुढे ॲनिमेशन शिकली. मे महिन्यातल्या एका सकाळी तिचा फोन आला, आणि आवाज असा की मी आधी बसून घेतलं.

"सर, हैदराबादचा स्टुडिओ घरून काम देऊन राहिला! पण अट आहे. वीस सेकंदांची फिल्म करायची, आपल्या घरच्या मशीनवर रेंडर करायची. रविवारी पाचच्या आत पाठवायची!"

"आणि नाही जमलं तर?"

"तर हैदराबादला येऊन बसा म्हणतात. मले नाही जायचं सर. घरी बाबा आहेत."

घरात तिघंच. ती, धाकटा भाऊ प्रणय आणि वडील श्रावणकाका. काका मूळचे उमरेडचे, पिढीजात विणकर. हातमाग विकून कैक वर्षं झाली. आता गांधीबागेत एका ठोक दुकानात साड्यांच्या घड्या घालतात. लेक जाणार की राहणार, यावर ते एकच वाक्य बोलले होते, "जा नं मंग, मले काय!" आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

प्राचीचा लॅपटॉप एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, रेंडर करून पक्कं करायला चाळीस मिनिटं घ्यायचा. एका सेकंदाला चोवीस फ्रेम. करा हिशेब! तेरा दिवस! आणि हातात होता एक आठवडा.

* * *

पहिलं युद्ध यादीवरून झालं. प्रणय कुरिअर कंपनीत कामाला, पण जीव गेमिंगमध्ये. निम्मे पैसे त्याचे, म्हणून निम्मं मत त्याचं!

प्राचीची यादी : जास्त मेमरीचं ग्राफिक्स कार्ड, चौसष्ट जीबी रॅम, दमदार प्रोसेसर. प्रणयची यादी : काचेचं कॅबिनेट, सात रंगांचे पंखे, आणि चमकणारी रॅम.

"अबे, रॅम चमकून काय करते?" प्राची.

"ताई, तुझी फिल्म लोक एकदा पाहतील. माझा गेम रोज चालते!"

मी पंच. कार्ड मोठं घ्यायचं, कारण त्यात दोघांचंही भलं. काचेचं कॅबिनेट चालेल, पंखे मात्र साधे. प्रणय असा रुसला की शेवटी एक रंगीत पंखा मंजूर करावा लागला. इतका वेळ काका कोपऱ्यात पेपर वाचत होते. ते तिथूनच म्हणाले, "काहून रे प्रणय, लाइट असला तं तू जिंकते का?"

* * *

खरेदीला जरीपटक्यात गेलो, हरीशभाईंच्या दुकानात. माणूस गोड, पण बोलता बोलता हातात भलतंच ठेवण्यात पटाईत. काकाही सोबत आले. का आले, ते कोणालाच कळलं नाही. "बसतो मी कोपऱ्यात," म्हणाले.

बाकीचं सगळं पटापट झालं. पॉवर सप्लायपाशी गाडी अडली. हरीशभाईंनी एक चकचकीत खोकं पुढे केलं. "सरजी, ये ले जाओ. अंदर सबमें एक ही माल होता है!"

नाव कधी ऐकलेलं नव्हतं. पण उन्हानं डोकं भणभणत होतं आणि मी जवळजवळ हो म्हणालो होतो! तेवढ्यात काका उठले. एका हातात ते खोकं घेतलं, दुसऱ्या हातात शेजारचं. डोळे मिटले.

"मास्तर, हे हलकं आहे. यात तांबं कमी आहे."

"काका, ये कम्प्यूटर का सामान है! आलू-प्याज नहीं!"

"म्हणूनच तं. सुताची लडी मी अशीच घेत होतो. लेबल कोणी पाहते का?"

हरीशभाई स्वतःच आतून तिसरं खोकं घेऊन आले, चांगल्या कंपनीचं, वजनदार. "काका, आप रोज मत आना!" काकांनी ते खोकं घरापर्यंत मांडीवर धरलं. रिक्षावाल्यानं मागे ठेवा म्हटलं, तरी दिलं नाही!

* * *

आता माझी फजिती. सांगतोच, नाहीतर प्रणय सांगेल.

दुकानात काका कार्डावर हात ठेवून काहीतरी मोजत होते. "एक वीत चार बोटं." मग कॅबिनेटमध्ये हात घातला. "एक वीत तीन बोटं. मास्तर, हे बसत नाही."

मी हसलो. अहो, माझी हयात गेली यात! म्हटलं, "काका, कॉम्प्युटर विताने मोजत नसतात."

घरी आलो. मदरबोर्ड बसवला, प्रोसेसर बसवला, रॅम टक्कन बसली. वा! मग कार्ड हातात घेतलं. तिरकं घातलं, उलटं घातलं, श्वास रोखून घातलं. बसेना! एक बोट बाहेर. मी प्रत्येक पार्टचं प्रत्येक पार्टशी जुळतं का ते तपासलं होतं, फक्त कार्डाची लांबी सोडून!

घाम पुसत वर पाहिलं. काका दारात, हाताची वीत अजून तशीच ताणलेली. पुढे येऊन कॅबिनेटमधल्या हार्डडिस्कच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. "हे रिकामंच आहे नं? काढा."

काढलं. कार्ड बसलं. ते चार स्क्रू म्हणजेच माझी ती पुडी!

* * *

शुक्रवारी पहाटे रेंडर सुरू झालं. एक फ्रेम चार मिनिटांत! चाळीसची चार! प्राची अक्षरशः नाचली. प्रणय म्हणाला, "आता मशीन नीट टेस्ट करायले थोडा गेम लावू का?" त्याला खोलीबाहेर काढण्यात आलं.

पण नागपूरचा मे. दुपारी मशीन तापलं. मी म्हटलं, थंड ठेवायला पाहिजे, आणि आम्ही तिघं टेबल फॅन आणायला गेलो. काका जेवायला घरी आलेले, त्यांना फक्त लक्ष ठेवा म्हटलं.

परत आलो तर काय पाहावं! खोलीतला कूलर मशीनकडे वळवलेला, आणि कॅबिनेटच्या पाठीमागे ओलं बारदान टांगलेलं, टपटप गळतंय! काचेवर पाण्याचे थेंब! आणि काका तांब्या घेऊन बारदानावर अजून पाणी शिंपडून राहिलेले!

"बाबा!" प्राची किंचाळली. मी उडी मारून बटण बंद केलं.

"काय झालं? उन्हाळ्यात माग आम्ही असाच ठेवत होतो. हवा कोरडी पडली की धागा तुटते. पडद्यावर तिचं चित्र पाहिलं, धागेच धागे! म्हटलं, एक जरी तुटला तं पोट्टीची मेहनत गेली."

रागवायचं कोणाला, आणि कसं?

नशीब थोर! पाणी आत गेलं नव्हतं. पुसलं, तासभर वाळवलं, कूलर दुसऱ्या खोलीत नेला, टेबल फॅन लावला. बटण दाबताना प्राचीनं डोळे मिटले. सुरू झालं! प्रणयचा तो एकुलता एक रंगीत पंखा फिरला तेव्हा सगळ्यात मोठ्याने मी ओरडलो.

* * *

शनिवारी दुपारी फिल्म पूर्ण. वीस सेकंद. एक हातमाग, माणूस दिसत नाही, फक्त हात आणि पाय. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे पळतो आणि साडीचा काठ हळूहळू उमलत जातो. प्राचीनं हे सगळं लहानपणीच्या आठवणीवर केलं होतं. काकांना आम्ही मुद्दाम दुकानातून लवकर बोलावलं.

काकांनी पाहिलं. "पुन्हा लाव." पुन्हा पाहिलं. "पुन्हा." आम्हाला वाटलं, भरून आलं असेल.

"पावडी दाबली नाही," काका म्हणाले.

"काय?"

"पायाखालची पावडी. ते दाबली की धाग्यांचं तोंड उघडते, मंग धोटा जाते. हा धोटा बंद धाग्यातून जाऊन राहिला. असं होतच नाही."

प्राचीचा चेहरा उतरला. तीनशे फ्रेम पुन्हा करायच्या. वीस तास!

"पाठवून दे ताई, तिकडे कोणाले समजते?" प्रणय म्हणाला.

"मले समजलं नं," काका म्हणाले, आणि लगेच, "पण राहू दे. कार्टूनच आहे. पाठव."

प्राची खुर्चीवरून उठली, ती त्यांच्यापुढे ठेवली. "बाबा, बसा. दाखवा."

काका बसले. समोर काही नाही, खाली काही नाही. उजवा पाय दाबला, हातानं धोट्याची दोरी ओढली, दुसऱ्या हातानं फणी ठोकली. डावा पाय. दोरी. फणी. आधी अडखळत, मग असा ठेका धरला की थांबेचनात! मी मोबाइलवर शूट करत होतो आणि स्क्रीन मला नीट दिसत नव्हती. प्राचीनं ते पाहून फिल्ममधले पाय हलवले, धागे उघडले.

आता प्रश्न प्रणयचा. रविवारी सकाळी त्याची गेमची स्पर्धा होती, याच मशीनवर. आठवडाभर तेच बोलत होता. त्यानं हेडफोन गुंडाळून खिशात घातला. "लाव ताई. पुढच्या वेळी माझे सगळे पंखे रंगीत!"

रविवारी दुपारी दीडला शेवटची फ्रेम निघाली. अडीचला फिल्म गेली.

* * *

गुरुवारी स्टुडिओच्या बाईंचा व्हिडिओ कॉल. मी तिथेच होतो, कॅमेऱ्यात न येता. काका अर्धा दिवस सुट्टी टाकून, केसांना तेल लावून मागच्या पलंगावर.

बाई म्हणाल्या, "सोमवार से शुरू कीजिए, घर से ही." प्रणयनं उशीत तोंड खुपसून आरोळी ठोकली. मग बाईंनी मशीनची माहिती विचारली. प्राचीनं सांगितली. कार्ड, रॅम, प्रोसेसर, सगळं.

"और ये पैरों का मूवमेंट? इतना सही कैसे आया? किसी और ने मदद की?"

प्राचीनं कॅमेरा मागे वळवला.

काका दचकले. सदरा सारखा केला. पुढे वाकून, बहिऱ्याशी बोलावं तसे मोठ्यानं म्हणाले,

"मॅडम, पुन्हा पाय लागले तं सांगा, रविवारी मले सुट्टी असते!"