बरडावरचं इंजन

आयतवार उजाडला की इंद्रभानचं डोकं फिरायला सुरुवात व्हायची. न्याहारी होते न होते तोच त्याची माय गोजरबाई धुतलेलं लुगडं नेसून, हातात काठी घेऊन दाराशी उभी. कुठे निघाली ते त्याला पक्कं ठाऊक असायचं, तरी तो विचारायचाच.

"कोठी चालली माय?"

"बरडावर. रंग्याच्या इंजनापाशी."

झालं! पुढचा अख्खा दिवस नासला. मग संत्र्याच्या झाडाला आळं करताना कुदळ दगडावर आपटायची, बायको अन्नपूर्णाबाई जेवायला हाक मारायची तर तिच्यावर उगाच खेकसायचा. अन्नपूर्णाबाई मुकाट्याने ताट वाढून ठेवी. आयतवारी नवऱ्याच्या तोंडी लागायचं नाही, हे तिला पाठ झालं होतं.

आता गावातल्या कुणालाही विचारा, इंद्रभानला कमी काय होतं? जळगाव जामोदकडून मोटारीनं यावं तर सातपुड्याच्या पायथ्याशी पहिला हिरवा मळा दिसायचा तो त्याचाच. संत्र्याची बाग, केळीचा तुकडा, वांगी, मिरची. महाराष्ट्र झाला त्या साली गावात पहिलं ऑइल इंजन आणलं ते त्यानं. विहिरीवर ते धडधडायला लागलं की पाटाला असं पाणी लोटायचं की बघत राहावं. सारं गाव म्हणायचं, माळी असावा तर इंद्रभानसारखा. पण गावानं म्हणून काय होतं? माय म्हणत नव्हती. पन्नाशीला टेकलेला, नातू झालेला माणूस, पण मायच्या तोंडून एकदा "शाब्बास रे" ऐकावं यासाठी आतून झुरत होता. हसायचं असेल तर हसा. त्याला मात्र हसू येत नव्हतं.

आणि याचं कारण एकच, रंगराव.

रंगराव त्याचा मावसभाऊ. गोजरबाईची धाकटी बहीण तापानं गेली तेव्हा हा पाळण्यात होता. गोजरबाईनं त्याला पदरात बांधून आणला. त्या दिवसापासून इंद्रभानच्या घरात एकच पालुपद सुरू झालं: "दे त्याले. त्याले माय नाही." दुधावरची साय, दे त्याले. पोळ्याला शिवलेली नवी बंडी, दे त्याले. गोधडीतली मायच्या कुशीकडची जागा, सरक बे, दे त्याले. रंग्या तिला मावशी म्हणायचं सोडून सरळ माय म्हणायचा आणि दिवसभर तिच्या पदराला लोंबकळायचा. लहानगा इंद्रभान कोपऱ्यात बसून विचार करायचा, माय नाही ती नेमकी कोणाला?

मिसरूड फुटलं तसा रंगराव घरातून पळाला. कुठेतरी खाली दक्षिणेत, जंगलातले ओंडके उतरवणाऱ्या एका लाकडाच्या कंपनीत लागला म्हणे. इंद्रभानला ती वर्षं सोन्यासारखी गेली. माय संध्याकाळी रस्त्याकडे डोळे लावून बसायची तेवढं सोडलं तर घरात सगळं त्याच्या मनासारखं होतं. मग एक दिवस हा बाबा हत्यारांची लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन परत आला. केस पिकलेले, बायको ना पोर. मायनं त्याच्या हिश्श्याचा विषय काढला तेव्हा इंद्रभाननं मोठ्या मनाचा आव आणून त्याला टेकडीच्या उताराचा बरड देऊन टाकला. नुसता मुरूम आणि बाभळी, कुसळाशिवाय काही उगवत नाही, शेळीसुद्धा तोंड वाकडं करते. रंगराव खूश. म्हणाला, "भाऊ, मले असाच चढ पाह्यजे होता."

तेव्हाच इंद्रभानच्या लक्षात यायला हवं होतं.

रंगराव खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून लागला आणि तिथलं भंगार थोडं थोडं करून बरडावर आणू लागला. चार-पाच वर्षं तिथल्या झोपडीत ठाकठूक चालली होती. आणि मग एका आयतवारी झोपडीतून ते जनावर बाहेर आलं. जंगलातल्या ओंडके ओढणाऱ्या इंजनाचीच नक्कल, पण बसलेल्या वासराएवढी. वीतभर अंतरानं टाकलेले रूळ, त्यावर हे काळं धूड, मागे छोट्या-छोट्या गाड्या आणि त्यांच्यावर बाभळीचे ओंडके साखळीनं आवळलेले. आगगाडीचं इंजन सगळ्यांनी मलकापूरला पाहिलं होतं, पण हे निराळंच होतं. याचे दोन्ही सिलिंडर उजव्या कुशीला उभे. त्यांच्या दांड्यांनी कुशीखालचा एक लांब दांडा गरगरा फिरायचा आणि त्या दांड्यावरची दातेरी चक्रं प्रत्येक चाकाच्या दातांत दात घालून त्याला फिरवायची. एकही चाक फुकट बसलेलं नाही, म्हणून तर ते उभा चढ चढायचं. चढायचं मात्र असं की विचारू नका! आवाज ऐकाल तर वाटेल मेल सुटली, आणि बघाल तर शेजारून म्हातारं माणूस पुढे निघून जातंय.

आयतवारी बरडावर जत्रा भरायला लागली. जिनिंगला सुट्टी असायची आणि रंगराव इंजनामागच्या पाटावर घोड्यावर बसल्यासारखा बसून ओंडके वर न्यायचा. वर नेऊन काय करायचा? तेच ओंडके परत खाली आणायचा!

"याले काय अक्कल म्हणतेत का?" इंद्रभान पारावर बसून विचारायचा. "माह्यं इंजन सारा मळा भिजवते, त्याले पाहाले एक जण येत नाही. अन् हा लेकाचा लाकडं वर नेते, खाली आणते, तं गाव लोटते!"

"अरे, पण चढते कसं ते पाह्य ना," शेजारचा उकंडराव डोळे मिचकावत म्हणायचा. "तुह्यं इंजन जागचं हालते का?"

इंद्रभानच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. एकदा त्यानं आपल्या इंजनाला लालभडक रंग दिला. कोणी पाहिलंसुद्धा नाही. अन्नपूर्णाबाई तेवढी म्हणाली, "रंग उरला असंल तं दाराले लावा."

अगदी सुरुवातीला, इंजन पहिल्यांदा चाललं त्या आठवड्यात, गोजरबाईनं भाकरी थापता थापता विचारलं होतं, "रंग्याचं इंजन म्हणे टेकडी चढते?" इंद्रभानला वाटलं, आता ही जाणार! त्यानं तिथल्या तिथे ठेवून दिलं, "चढते कायचं? ते बॉयलर फुटन एक दिवस. भंगारातलं ते. असं फुटते, माणसाचं बोट सापडत नाही. तू नोको जाऊ तिकडे." म्हातारीचा हात तव्यावरच थांबला. पण पुढच्या आयतवारी निघाली ती निघालीच, आणि तेव्हापासून एक आयतवार चुकला नाही. ऊन असो, गुडघे दुखोत, बरड चढायची.

शेवटी इंद्रभानला राहवेना. म्हटलं, पाहू तरी, एवढं काय लागलंय तिथे. त्या आयतवारी तो मायच्या मागोमाग बरडावर गेला.

चढ जिथे सगळ्यात उभा होता, तिथे रुळाला अगदी खेटून गोजरबाई एका दगडावर बसली होती. इंजन धापा टाकत वर येत होतं. बाकी लोक हसत होते, टाळ्या पिटत होते. गोजरबाईची नजर मात्र रंगरावच्या तोंडावरून हलत नव्हती. काठीवरची बोटं घट्ट, ओठ पुटपुटत होते. इंद्रभानच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याकडे असं टक लावून हिनं कधी पाहिलं होतं?

"माय, एवढं काय पाहून राह्यली?"

"गप राह्य. चढावर हाये तो."

इंजन वरच्या सपाटीला लागलं तेव्हा कुठे म्हातारीनं श्वास सोडला, पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "तूच तं सांगतलं होतं ना, फुटन म्हणून. त्याले म्हणून पाह्यलं, तं हसते. ऐकत नाही. मंग काय करू? येऊन बसते. फुटलंच, तं त्याच्यापाशी कोणी तरी पाह्यजे. एकटा नाही राह्यला पाह्यजे तो."

दुसरा एखादा असता तर शरमला असता, खोटं बोलल्याची कबुली देऊन मोकळा झाला असता. इंद्रभानच्या मनात तसलं काही आलं नाही. त्याच्या मनात आलं ते एवढंच, की मायनं माझ्यासाठी असा जीव कधी मुठीत धरला होता? तो उन्हाळ्यात पाण्याच्या नळाचं तोंड साफ करायला विहिरीत दोर धरून उतरायचा, तेव्हा ही वरून काय म्हणायची? "भाकर खाऊन उतर." बस्स! म्हणजे आजवर ज्याचा हेवा केला ते कौतुक नव्हतंच, ती धास्ती होती, आणि आपल्या वाट्याला तीसुद्धा आली नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली.

इंजन खाली आलं तसा तो रंगरावसमोर जाऊन उभा राहिला. "उतर. मी चालवतो."

रंगरावला कोण आनंद झाला! टुणकन उतरून त्यानं पाटावरची राख झाडली. "बस, भाऊ, बस! कधीचं म्हणत होतो तुले. ही काचेची नळी हाये ना, याच्यातलं पाणी पाह्यत राह्य. खाली गेलं की हा हातपंप मार. अन् हा वाफ सोडाचा दांडा हळू ओढ, घाई करू नोको. घाई याले चालतच नाही."

त्याचं ते समजावणंसुद्धा इंद्रभानला सहन होईना. त्यानं दांडा ओढला.

इंजन हललं. दात दातांत बसत गेले आणि त्याची थरथर मांड्यांमधून पाठीत चढली. वाफेचा ऊबदार, तेलकट वास तोंडावर आला. मागे ओंडक्यांच्या साखळ्या खणखणल्या. खरं सांगायचं तर क्षणभर इंद्रभान सगळं विसरला. एवढंसं धूड, आणि एवढं ओझं घेऊन न कुरकुरता चढतंय! त्याला रंगरावचं वेड एकदम कळलं, आणि कळलं म्हणून आणखीनच राग आला. हेसुद्धा त्यालाच मिळावं का?

पण मुख्य मजा पुढेच होती. उभा चढ आला. आता माय काठी आवळून बसली असेल, ओठ हलत असतील, डोळ्यांत पाणीही असेल. त्यानं छाती पुढे काढली, चेहरा शूर माणसासारखा केला आणि दगडाकडे वळून पाहिलं.

गोजरबाईची इंजनाकडे पाठ होती. दगडावरून उतरून तिनं खाली फतकल मारली होती. रंगराव तिच्यापुढे आडवा पसरला होता आणि त्याचा पाय तिच्या मांडीवर होता. त्याच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला होता, तो ती पिनेनं काढत होती. दोघं कशावरून तरी हसत होते.

इंद्रभाननं शिट्टी वाजवली. खालच्या गोठ्यातल्या म्हशी बावरल्या, पोरांनी कानांवर हात ठेवले. गोजरबाईनं मागे न वळता हात वर करून हलवला, हाव, हाव, ऐकलं, अशा अर्थानं. मग त्यानं पूर्ण दांडा ओढला. म्हटलं, असं पळवतो की धावत आली पाहिजे. इंजन केकाटलं, कुशीचे दांडे दिसेनासे झाले, धुराचा लोट उठला. आणि एक शेळी चरत चरत इंजनाला मागे टाकून पुढे गेली. उकंडराव पोट धरून खाली बसला.

वर जाऊन, खाली येऊन इंद्रभान उतरला तेव्हा घामानं निथळत होता. तो सरळ मायसमोर जाऊन उभा राहिला आणि एवढ्या वर्षांत जे बोलला नव्हता ते सगळ्या गावादेखत बोलला.

"माय, माह्यी भीती नाही वाटली तुले?"

"तुही?" म्हातारी खरंच बुचकळ्यात पडली. "तुही काऊन वाटन, बाप्पा? तुह्या हातचं कधी काही बिघडलं हाये का? बाग पाह्य, विहीर पाह्य, घर पाह्य. तुह्यासारखा हातचा पक्का माणूस साऱ्या गावात नाही. तू बसला तशी मी निवांत झाली."

याच शब्दांसाठी तो जन्मभर थांबला होता. उकंडरावनं ऐकले, गावानं ऐकले. आणि इंद्रभानला ते घशाखाली उतरेनात.

गोजरबाई काठी टेकून उठली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी हलका दिसत होता. "मी काय म्हणते, इंद्रभान, आता दर आयतवारी तूच चालवत जाय. म्हणजे मले हा बरड चढा लागनार नाही. गुडघे लय दुखतेत रे."

"हाव माय, चालन," रंगराव लंगडत लंगडत म्हणाला. "भाऊच्या हाती राह्यलं तं मले काही फिकीर नाही."

गोजरबाईनं रंगरावच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं हळूहळू उतार उतरू लागले. लोकही पांगले. इंद्रभानला त्यांच्यामागे जाता येईना. बॉयलर अजून तापलेला होता आणि तो निवेपर्यंत कोणीतरी तिथे थांबणं भाग होतं.